आबांनी विचारलं तेव्हा

प्रिय तेजू,

सप्रेम जय भीम. पत्र बघून तुला नवल वाटेल. नर्सिंगला होते तेव्हा होस्टेलवरून तुला दोन-तीन पत्रं टाकली होती, त्यानंतर आपलं सगळं फोनवरच. आज माझी साप्ताहिक सुट्टी. सकाळीच धुणं वाळत घातलं आणि वही घेऊन बसले. तुझे ‘अहो’, महेंद्रभाऊजी, इथं दौंडला आलेत, बाहेर ओट्यावर बसलेत. जाताना हे त्यांच्याच हाती देणार आहे. ते कशाला आले, ते सांगतेच, पण आधी मला तुला दुसरं काहीतरी सांगायचंय. इथं कुणाला सांगितलेलं नाही.

तुला माहितीय, वॉर्डात मला सगळे ‘हसरी सिस्टर’ म्हणतात. नाव घेऊन कुणी हाक मारतच नाही. मागं कुशाबाई म्हणून एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. सुई दिसली की शिव्यांची लाखोली वाहायची. मी गेले की मात्र आपणहून हात पुढं करायची. म्हणायची, “ही टोचती तवा कळत न्हाई. बडबडती लई, ध्यान तिकडंच ऱ्हातं.” घरी गेल्यावर तिनं नातवाबरोबर माझ्यासाठी वांगी पाठवली, एवढी की शेजारणींना वाटली तरी उरली. असं कुणी केलं की मला वाटायचं, औषध डॉक्टर देतात, पण माणूस निम्मा माझ्यामुळं बरा होतो. हो, एवढा गर्व होता मला. एकदा एका पेशंटची बहीण माझ्यावर ओरडली होती, “आमचा माणूस हितं तळमळतोय आन् हिला दात काढायला सुचतंय!” तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टरनी मलाच समजावलं, लोक दुःखात असतात, मनावर घ्यायचं नाही. मी घेतलंही नाही. दोष तिचाच आहे असं समजून पुढच्या खाटेकडं गेले.

मग उन्हाळ्यात दगडोबा आबा ॲडमिट झाले. रेल्वेत ट्रॅकवर काम करून रिटायर झालेले, इथलेच दौंडचे. हृदय पार थकलेलं, पायांवर सूज, उताणं झोपता येत नव्हतं. रात्रंदिवस उशांना टेकून बसलेले असायचे. सोबत बायको, सोजरबाई. डॉक्टरांनी सोजरबाईंच्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर आठवडा. तो म्हणाला, म्हाताऱ्याला कळू देऊ नका, हाय खाईल. बहिणीलाही त्यानं सांगितलं नाही. मला हे माहीत होतं. आबांचं आणि माझं छान जमलं होतं. मी बीपी घ्यायला गेले की ते हाताच्या पट्ट्याकडं बघून म्हणायचे, “आवळ बये, रुळाचा नट समजून आवळ.” मी हसायचे, तेही हसायचे, मग त्यांना खोकला यायचा. अख्खा वॉर्ड आमच्याकडं बघायचा.

एक दिवस सोजरबाई डबा धुवायला गेल्या होत्या. आबांनी माझं मनगट धरलं. एरवी कधी हात लावायचे नाहीत. म्हणाले, “सिस्टर, खरं सांग. किती दिस हायत माझं? एक काम ऱ्हायलंय. दिस कमी असतील तर आत्ताच करतो.” तेजू, त्यांची नजर मला अजून दिसते. घाबरलेली अजिबात नव्हती. रेल्वेच्या माणसानं गाडीची वेळ विचारावी, तसं विचारत होते ते. मी निदान एवढं तरी विचारायला हवं होतं, की आबा, काम कसलं? मी काय केलं, तर हसले. म्हटलं, “आबा, माझी लेक आत्ता कुठं पाचवीत आहे. तिच्या लग्नात तुम्ही पंगतीला बसल्याशिवाय मी तुम्हाला सोडते होय?” ते माझ्याकडं बघत राहिले. मग तेही हसले. हात सोडला आणि म्हणाले, “बरं.”

तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

त्यांना एक मुलगी होती, प्राची. वॉर्डात कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं म्हणून आबा अकरा वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. ती शिरूरला असते. सोजरबाईंनी तिचा नंबर मोबाइलमध्ये ‘गिरणी’ म्हणून ठेवलेला होता, आबांना कळू नये म्हणून. आबा गेल्यावर त्यांनी पहिला फोन तिला लावला, आणि ती आली तेव्हा आम्ही बॉडी अजून वॉर्डातच ठेवली होती. सोजरबाईंनी तिच्या गळ्यात पडून सगळं सांगितलं, मी तिथंच उभी होते. “परवा म्हनलं मला, पोरीचा लंबर हाय का तुझ्याकडं? मी भ्याले, पर हाय म्हनले. तर म्हनलं, सिस्टर म्हंती अजून लई दिस हायत. घरी गेल्यावर लावू. हितं इतक्या माणसांत नगं.”

प्राची ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, “तुम्ही खोटं का सांगितलंत? शिरूर काय लांब आहे? दीड तासात आले असते मी.” आणि माझ्या तोंडावर हसू आलं, तेजू. सवयीनं आलं. कुणी समोर रडायला लागलं की माझे ओठ आपोआप तसे होतात. तिनं ते पाहिलं. सोजरबाई तिला दटावायला लागल्या, “तिला बोलू नगं बाई, तुझा बाप हिच्यामुळं शेवटपत्तोर हसत हुता.” ते ऐकलं आणि मी तिथून निघाले. औषधांच्या खोलीत जाऊन बसले.

त्यानंतरही मी ड्युटीला जाते, हसते, बडबडते. पेशंटना तीच सिस्टर लागते. एकदा गप्प राहून बघितलं, तर एका काकूंनी विचारलं, “माझा रिपोर्ट वाईट आलाय का हो?” म्हणजे हसले तरी पंचाईत, न हसले तरी पंचाईत. प्राचीचा नंबर माझ्याकडं आहे. तीनदा लावला आणि वाजायच्या आत कट केला.

आता तुझ्याकडं येते. गेल्या सोमवारी तू फोनवर विचारलंस, “करे, तुझ्या भाऊजींनी तुला रिपोर्ट पाठवलाय ना? मला म्हणतात नुसतं रक्त कमी आहे. तू सांग.” मी म्हटलं, “बीट खा, टोमॅटोसारखी लाल होशील.” आणि खूप मोठ्यानं हसले. तू “बरं” म्हणून फोन ठेवलास. त्या दिवसापासून मला झोप नाही. आपण सातवीत होतो, माझे वडील विहिरीच्या कामावर असतानाच वारले, तेव्हा न्हावऱ्याच्या शाळेत मला न्यायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, चल बाळा, पाहुणे आलेत. एकटी तू दप्तर टाकून रस्त्यावर माझ्यामागं धावत आलीस आणि म्हणालीस, “करे, तुझे दादा गेलेत. घरी गेल्यावर एकदम दिसतील, म्हणून सांगते.” केवढीशी होतीस! भाऊजी आज तुझी फाइल घेऊन आलेत. मी त्यांना म्हटलं, तिला सांगायला हवं. तर ते म्हणाले, “माझ्याच्यानं होत नाही ताई. तुम्हीच सांगा.” तोंडानं सांगायला गेले तर मी पुन्हा हसेन, म्हणून लिहितेय. तेजू, दीड वर्षापूर्वी छातीतली गाठ काढली, तोच आजार परत आलाय. पाठ दुखते ती त्यामुळं. हाडांत गेलाय आणि लिव्हरमध्येही. औषधं आहेत, त्यांनी दुखणं हलकं होईल, दिवस वाढतील, पण आजार आता पुरता जाणार नाही. किती दिवस, ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही. फार नाहीत, एवढं मात्र खरं. मी बुधवारी सकाळच्या एसटीनं तळेगावला येतेय, चार दिवसांची रजा टाकलीय. तुझी प्रांजल शाळेत गेली की आपण दोघीच बसू. तुला जे करायचं असेल, ज्याला भेटायचं असेल, पोरीला जे सांगायचं असेल, ते आपण ठरवू. आणि तुला जे विचारायचंय ते सगळं विचार. मी सांगेन.

तुझीच,
करुणा