फळीच्या खालची कड

प्रिय ठोक्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान दोन ओळी तरी वाचतो. ताईने माझ्या अन्नात माती कालवली, असं तू आईला म्हणालास म्हणे. बरं, म्हण. पण लहानपणी घरातल्या दिसेल त्या वस्तूवर हातोडी चालवायचास, तेव्हा तुझा मार मी खाल्लाय. तेवढ्या हक्काने सांगते, आधी सगळं ऐकून घे.

शाळांसाठी बाकं घ्यायची आमच्या ऑफिसची रीत तुला माहीतच आहे. आठ कारखान्यांचं एकेक बाक हॉलमध्ये मांडतात. त्यावर नाव नसतं, नुसता नंबर. आम्ही पाच जण प्रत्येक बाकावर बसतो, हलवून बघतो आणि दहापैकी गुण देतो. त्याआधी एका कागदावर सही करायची, की माझ्या माहितीप्रमाणे यात माझं कुणी नातेवाईक नाही. मी बिनधास्त सही ठोकली. कारण बहिणीच्या वशिल्याने काम मिळालं असं कुणी म्हणू नये, म्हणून शहाण्या, तुझ्या कारखान्याचंही बाक यात आहे, याचा तू तीन महिने मला पत्ताच लागू दिला नव्हतास! घरी येऊन जेवून जायचास आणि हूं की चूं नाही.

पाचव्या नंबरच्या बाकावर बसले आणि सवयीने हात फळीच्या खाली गेला. कड गोल होती, लोण्यासारखी गुळगुळीत. मी तिसरीत असताना शाळेच्या बाकाची कड लागून माझा गुडघा फाटला होता, आठवतं? तू तेव्हा एवढासा होतास. बाबा रविवारी कानस घेऊन शाळेत गेले आणि अख्ख्या वर्गाच्या बाकांच्या कडा घासून आले. तू मागे मागे, हातात हातोडी. जिथे डोळा जात नाही तिथे गुडघा जातो, हे तेव्हापासून त्यांचं पालुपद झालं. ठोक्या, एवढं मोठं गाव, पण न दिसणारी कड अशी घासणारा तुझ्याशिवाय दुसरा कोण आहे? माझ्या बोटांना एका क्षणात कळलं.

नियम साधा आहे. कळलं त्या क्षणी उठायचं, सगळ्यांसमोर सांगायचं आणि गुण देऊन होईपर्यंत बाहेर व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायचं. दोन मिनिटांचं काम. मी उठले नाही. का उठले नाही? ऊर भरून आला होता रे. बाबा असते तर काय म्हणाले असते, हाच विचार डोक्यात. दहापैकी दहा दिले आणि वर पेनने दोनदा गिरवले. तू पहिला आलास.

मग आठ दिवस घास गोड लागेना. शेवटी साहेबांकडे गेले. त्यांनी चहा मागवला आणि समजूत घातली, की नावं झाकलेली होती, बाकीच्यांनीही चांगलेच गुण दिलेत, उगाच कशाला उकरून काढता? तुझे भावजी म्हणाले, आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेस. आई तर माझ्याशी दोन दिवस बोललीच नाही. सगळ्यांचं एकच, बाक चांगलं होतं ना? होतं! शपथेवर सांगेन, सगळ्यात चांगलं होतं. पण ते दहा गुण अधिकारीणबाईंनी दिले की तुझ्या ताईने, हे माझं मलाच सांगता येत नाही. मग जो दुसरा आला, त्या सुताराने ते कसं मानायचं? त्यानेही रंधा मारूनच बाक केलं होतं, आभाळातून पडलं नव्हतं.

म्हणून मी लिहून दिलं. सगळ्यांचे गुण रद्द झाले, तुझं मिळालेलं काम गेलं, समितीतून मला काढलं, बढती अडकली, चौकशी लागली. कँटीनमध्ये मी शिरले की गप्पा थांबतात. थांबू देत. मी रोज मोठ्या दरवाजाने आत जाते आणि सगळ्यांना मोठ्याने नमस्कार करते. त्या दोन मिनिटांबद्दल तुझी माफी मागते, अगदी कान धरून. लिहून दिल्याबद्दल मात्र मागणार नाही, मेले तरी नाही.

आता मुद्द्याचं. या पत्राची एक प्रत मी चौकशीच्या फाईलला लावतेय, म्हणून शिव्या गिळल्या आहेत हे लक्षात ठेव. सोमवारी पुन्हा बाकं मांडणार, हे नोटीस बोर्डावर लागलंय, त्यापलीकडे मला काही माहीत नाही आणि विचारूही नकोस. पण काल आई बोलली. म्हणाली, तू नवं बाक ठेवणार आहेस, फक्त या वेळी खालची कड घासायची नाही असं कारागिरांना सांगितलंयस, म्हणजे कुणाला ओळखूच यायला नको. खबरदार! तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. सोमवारी हॉलमध्ये पाच नवी माणसं असतील. मी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नळजोडणीचे अर्ज तपासत बसलेली असेन. त्यांचा हात खाली जाईल, नाही तर नाही जाणार. काम मिळो न मिळो, कड घास. राग माझ्यावर आहे ना? मग पोरांचे गुडघे कशाला फोडतोस?

तुझीच, गुडघ्यावर अजून वण असलेली,
ताई