घर, सागवानी पेट्या आणि त्यांतील शब्द यांविषयी

मी, रखमाजी हैबती मळेकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिक्षकी (सेवानिवृत्त), मूळ राहणार आंबवडे, हल्ली वस्ती भोर, आज स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. पायांतील शक्ती गेली आहे. बुद्धी जागेवर आहे. मला कोणी भीड घातलेली नाही, आणि घातली असती तरी घालणाराची भाषा सुधारून मी त्यास परत पाठविले असते.

१. आंबवड्याचे वडिलोपार्जित भाताचे खाचर माझा एकुलता एक मुलगा आनंदराव याने वाटणी मागून घेतले व विकले. आता माझ्याजवळ उरले आहे ते सर्व स्वकष्टार्जित असून त्यावर त्याचा काडीचाही हक्क नाही.

२. खाचर कोठे गेले ते येथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी पावसाला वा सावकाराला दोष देणार नाही. ते शब्दकोड्यांत गेले. मुंबईचे एक मासिक दरमहा कोडे छापते. चौकटी मोजून त्यांत बसणारा शब्द शोधायचा, कुपन भरायचे, प्रत्येक कुपनाबरोबर फी पाठवायची. उत्तर संपादकाने आधीच लिफाफ्यात मोहरबंद केलेले असते. त्याच्याशी तंतोतंत जुळेल त्यास बक्षीस. भाषेला सोरटीला बसविण्याचा हा उद्योग ज्याने काढला, त्यास मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

३. माझ्या ओसरीवर या कोड्यांसाठी ‘मंडळ’ जमते. मंडळ म्हणजे आनंदराव, गेनू शिंपी आणि सावळाराम वाणी. तिघांपैकी एकासही शुद्ध पत्र लिहिता येत नाही. माझ्याजवळ मात्र चार सागवानी पेट्या आहेत. शाळेत असताना मुलांकडून शब्द काढून घेण्यासाठी मी त्या भरू लागलो: दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी, पाच अक्षरी, आणि प्रत्येक पेटीत कोणते अक्षर कोठे येते त्याप्रमाणे चिठ्ठ्यांचे गठ्ठे. जोडाक्षर एकच धरले आहे. या पेट्या हाती असल्यावर बक्षीस आपलेच, अशी मंडळाची समजूत झाली.

त्या समजुतीचा नमुना देतो. सूचना अशी होती: ‘घर म्हटले की ही आलीच’, तीन अक्षरी, मध्ये ‘ळ’. मी पेटी उघडून सांगितले, “काळजी. गळती. चाळणी.” तिन्ही शब्द निर्दोष. आनंदरावाने तिन्हींसाठी वेगवेगळी कुपने भरली. दुसऱ्या जागी आणखी तीन शब्द बसले, तेव्हा कुपने नऊ झाली. पुढच्या जागी दोन बसले, तेव्हा अठरा. अशा दहा जागा होत्या. सर्व कुपने भरण्याइतका पैसा संस्थानच्या खजिन्यातही नसेल, मग ऐपतीत बसली तेवढी भरली. आणि ज्या कुपनात चाळणी जुळली त्यात दुसरे काही चुकले. सावळारामास पेटीतले शब्द कळत नाहीत म्हणून तो आपला एकच कुपन पाठवी. तिघांत सर्वांत कमी तोच बुडाला.

गेनू मला म्हणाला, “मास्तर, एकच शब्द सांगत जावा की! तीन-तीन सांगून आमचं पार वाटोळं केलंत.”

मी म्हणालो, “शब्द तीन आहेत, गेनू.”

“आसू द्या. तुमी एकच सांगा.”

अशा माणसाने माझ्या निधनाचे पत्रक लिहू नये. तेराव्याला जेवून जावे.

४. आनंदरावाने पुढे पत्नीच्या पाटल्या विकल्या. गेल्या आषाढात मी तापाने पडलो असता घर गहाण टाकण्यासाठी त्याने घराचे कागद असलेल्या ट्रंकेची किल्ली मागितली. किल्ली सुनेजवळ, सौ. सगुणाबाईजवळ, होती. ती हिर्डोशीची. तिच्या बोलण्यातील एकही वाक्य मी वर्गात चालू दिले नसते. ती माझ्या उशाशी येऊन म्हणाली, “मामंजी, म्या किल्ली दिली न्हाई. हानलं, तरी न्हाई दिली. हितनं उठून ल्येकरं घिऊन कुटं जाऊ म्या?” हे वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे. कोणी सुधारू नये.

५. सबब भोर येथील माझे राहते घर, परसू, भांडीकुंडी, ट्रंक व सागवानी पेट्या यांची माझ्या पश्चात सौ. सगुणाबाई एकटी मालक होईल. आनंदरावाने तिच्या मर्जीने त्या घरात राहावे. तिची मर्जी गेल्यास त्याने सामान उचलावे.

६. माझे रुप्याचे घड्याळ सावळारामास. वेळ बघता येते, एवढे त्याचे शिक्षण झालेले आहे.

पुरवणी. वरील मजकूर आज सर्वांदेखत वाचून दाखविला. आनंदराव पाचव्या कलमापर्यंत भिंतीला टेकून उभा होता. मग म्हणाला, “तात्या, घराचं राहू द्या. पण चार अक्षरांची पेटी तेवढी मला द्या. या खेपेला बक्षीस मोठं आहे.”

मी विचारले, “घर गेले हे तुला समजले काय?”

“समजलं हो. पेटीचं बोला.”

तेव्हा सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बोलली, “मामंजी, तुमच्या माघारी त्या पेट्या माज्याच न्हवं?”

“होय.”

“मंग लाकूड चांगलं हाय, नाचणी भरून ठिवीन. आतले कागुद तुमी गेल्यावर चुलीत घालू, का आताच?”

आनंदराव “अगं ए!” म्हणून पुढे झाला. ती हलली नाही. चाळीस वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत. मी सांगितले, “आताच.”

सबब पाचव्या कलमात ‘सागवानी पेट्या’ या शब्दांपूर्वी ‘रिकाम्या’ हा शब्द वाढवून वाचावा. ही वाढ माझ्या हातची आहे.

मुक्काम भोर, कार्तिक शुद्ध पक्ष, शके १८६१, ता. २० नोव्हेंबर १९३९.

सही: रखमाजी हैबती मळेकर

साक्षीदार, मास्तरांनी आमच्यासमोर सही केली:
१. कुंडलिक धोंडिबा पारठे, सही
२. म्हादू बाळाजी शेडगे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा