खांद्याचं माप

पाकसे, लाओस
२ मार्च, बुद्धवर्ष २५५६

पूज्य भन्तेदादांच्या चरणी धाकट्या सायपिनचे त्रिवार वंदन.

आई आणि मी सुखरूप आहोत. आपलीही प्रकृती चांगली असेल, आणि विहारातल्या विहिरीला अजून पाणी असेल, अशी आशा आहे. आपल्या गावात यंदा धुरळा लवकर सुरू झाला. निघताना अंगणातला आंबा पार तांबडा दिसत होता.

नूकन मावशी आमच्या यात्रेची पुढारी आहे, हे आपल्याला सांगायला नकोच. शेजारीण म्हणून ती जेवढा आवाज करते त्याच्या दुप्पट पुढारी म्हणून करते. सगळ्या बायकांनी पांढरेच झंपर घालायचे असा तिचा हुकूम, त्यामुळे बसमध्ये बगळे बसल्यासारखे दिसतात. सीमेवरच्या लाओ साहेबानं आईला विचारलं, "कुठं निघालात, आई?"

"पुण्य मिळवायला."

"किती दिवस राहणार?"

"मिळेपर्यंत."

त्यानं हसून शिक्का मारला. भाषा आपलीच, टोपी तेवढी वेगळी, असं आई पलीकडे आल्यावर म्हणाली. आणि लगेच इथला चिकट भात आपल्यापेक्षा कोरडा आहे हेही म्हणाली.

आपण सोपवलेलं काम अजून व्हायचं आहे. आपलं पत्र माझ्या पिशवीत आहे. "नव्या वर्षाचा सण झाला की मी चीवर उतरवून घरी येतो आहे. आईला तू सांग. ती यात्रेत असेल, मन प्रसन्न असेल, तेव्हा सांग." मी सांगणार आहे. पण बसमध्ये पुढच्याच बाकावर नूकन मावशी असते, आणि तिला कळलं म्हणजे ध्वनिक्षेपकावरून सांगितल्यासारखंच. योग्य जागा मिळाली की लगेच बोलेन. काय बोलायचं तेही मी मनात नीट मांडून ठेवलं आहे.

एक गंमत लिहिते. सोमवांग नावाचा आमचा दुसरा चालक आहे, तिशीच्या आतला, आडव्या बांध्याचा. आज दुपारी जेवणं झाल्यावर तो टायरांना लाथा मारून हवा बघत होता. आई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "बाळा, जरा सरळ हो बघू."

तो सरळ झाला. आईनं पिशवीतून पांढरं सूत काढलं, आपण आशीर्वाद देताना मनगटाला बांधतो तेच. एक टोक त्याच्या एका खांद्यावर धरलं, दुसऱ्या खांद्यापर्यंत ताणलं आणि तिथे गाठ मारली. मग कमरेभोवती गुंडाळलं.

"आई, माझी शवपेटी करताय का?"

"गप उभा राहा. आणि पोट आत ओढू नकोस, माप चुकेल."

तेवढ्यात नूकन मावशी आलीच. "अगं बुआलाय, जावई निवडलास की काय! पोरीला तरी विचारलंस? ती पदवीधर आहे. याला गियर टाकण्यापलीकडे काय येतंय?"

"मावशी, मला गाडी मागेपण घेता येते," सोमवांग म्हणाला.

सगळी बस हसली. मी लाजेनं अर्धी झाले. नंतर आईला विचारलं की हे काय होतं, तर म्हणाली, "काही नाही. खांदे चांगले आहेत त्याचे." आणि सूत गुंडाळून कमरेच्या चंचीत ठेवून दिलं. आता बायका मला त्याच्या शेजारच्या बाकावर ढकलतात आणि आई खिडकीबाहेर बघत बसते.

आपली आज्ञाधारक,
सायपिन


सिएम रीप, कंबोडिया
६ मार्च, २५५६

पूज्य भन्तेदादांना वंदन.

पहिलं पत्र मिळालं असेल. आम्ही ठीक आहोत. नूकन मावशीचं पोट एक दिवस बिघडलं होतं, तेवढा एक दिवस बसमध्ये शांतता होती. सोमवांगला बायको आहे असं कळलं. "फार तिखट आहे," तो म्हणाला, "तिला तुमच्या मापाचं कळलं तर ती माझं माप घेईल." माझी सुटका झाली.

कंबोडियात आल्यापासून आई भाषेऐवजी आवाज वापरते. पाणी हवं असेल तर आपल्याच बोलीत, पण मोठ्यानं मागते. आणि लोक आणूनही देतात. सकाळी रस्त्यावर भिक्खू भिक्षेला निघाले की ती बसमधल्या कुणाचीही वाट न बघता भाताची टोपली घेऊन कडेला गुडघ्यावर बसते. इथल्या चिवराचा रंग जरा गडद आहे, पण पुढे येणारे अनवाणी पाय सगळीकडे सारखेच दिसतात.

अंगकोरला मी तिला माहिती सांगत होते. कोणत्या राजानं काय बांधलं, किती पिढ्या काम चाललं, सगळं. मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं ते अजून विसरले नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढे दगड उचलणाऱ्यांचा भात कोण रांधत होतं?" शाळेत शिकवायला लागले की मुलांना हा प्रश्न आधी विचारायचा आणि राजांची नावं मग सांगायची, असं मी ठरवलं आहे. वरच्या पायऱ्या ती चढली नाही. "गुडघे दुखतात, तुम्ही जा, मी बाजारात बसते," म्हणाली. आम्ही उतरलो तेव्हा ती एका कपडेवालीशी जोरजोरात बोलत होती. ती बाई ख्मेरमध्ये, आई आपल्या बोलीत, आणि दोघी खुश.

भन्तेदादा, मी अजून आईला सांगितलेलं नाही.

धबधब्यापाशी एकदा सुरुवात केली होती. म्हटलं, "आई, भन्तेदादांबद्दल जरा बोलायचंय."

"प्रकृती बरी आहे ना त्यांची?"

"बरी आहे."

"मग आधी हे केळं खा."

मी केळं खाल्लं. नंतर पुन्हा विषय काढता आला असता. बसमध्ये आई आणि मी दोघीच होतो, सगळ्या बायका पाण्याजवळ फोटो काढत होत्या, नूकन मावशीसुद्धा. तेव्हाही मी बोलले नाही. म्हणजे जागेचं कारण खोटं आहे. पहिल्या पत्रात मी ते लिहिलं तेव्हा मला ते खरं वाटत होतं, एवढंच.

आईला वाईट वाटेल म्हणून मी थांबले आहे, असंही मला काल सकाळपर्यंत वाटत होतं. आईचा मुलगा भिक्खू आहे, त्याच्या चिवराचं टोक धरून ती स्वर्गात जाणार, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ते टोक तिच्या हातून काढून घ्यायचं म्हणजे मलाच कसंतरी होत होतं. पण काल भिक्षेला आलेल्या रांगेत आपल्यासारखा चालणारा एक तरुण भिक्खू दिसला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो आईचा नव्हता. हा उद्या शर्ट घालून दुकानात उभा राहिला तर, असा विचार आला आणि मला राग आला. आपला राग आला.

मला आपण भिक्खूच राहायला हवे आहात. हे खरं आहे आणि ते लिहायला मला पाकसेपासून इथपर्यंत यावं लागलं. विहाराच्या ओसरीवर आपण मला अक्षरं शिकवलीत. आपल्या घराण्यात कुणी सहावीच्या पुढे गेलं नव्हतं. कुणी विचारलं की कुणाची पोर, तर मी आईबाबांच्या आधी सांगायची, भन्त्यांची बहीण. विद्यापीठात मुली कुणाकुणाचे फोटो लावायच्या, मी घरून विद्यापीठात निघाले त्या दिवशीचा आपला फोटो लावला होता. त्यात बाईनं भिक्खूला शिवू नये या नियमानं तुझ्या आणि माझ्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा आहे आणि तिथे आईची छत्री उभी केलेली आहे. ती जागा मला फार पवित्र वाटायची. या जगात कुणीतरी इतकं स्वच्छ जगू शकतं आणि ते आपल्या घरचं आहे, या एका गोष्टीवर मी बऱ्याच गोष्टी उभ्या केल्या आहेत.

वर चुकून "तुझ्या" लिहिलं गेलं. खोडत नाही, क्षमा असावी.

परत पोचण्याआधी मी आईला सांगेन. माझं मन तयार नसलं तरी सांगेन, कारण निर्णय तुमचा आहे, माझा नाही.

आपली,
सायपिन


घर
९ मार्च, २५५६

दादा,

आज मी तुला असंच लिहिणार आहे. अजून तू चीवर घातलेलं आहे, त्यामुळे हे चूक आहे हे मला कळतं. तुमच्या आचार्यांना पत्र दाखवायची वेळ आली तर सांग की बहीण शिकलेली असली तरी शहाणी नाही.

काल आम्ही सीमा ओलांडून आपल्या बाजूला आलो. बाजारातून सगळ्यांनी काही ना काही घेतलेलं, म्हणून नाक्यावरच्या बाईनं पिशव्या उघडायला लावल्या. मी रांगेत आईच्या मागे उभी होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. सुरिनला चहाला थांबू तेव्हा बोलायचं असं पक्कं ठरवलं होतं. नूकन मावशीला कुठे पाठवायचं तेही ठरवलं होतं.

नाक्यावरच्या बाईनं आईच्या पिशवीतून उदबत्त्या काढल्या, ताडगुळाच्या ढेपा काढल्या, आणि त्याखालून एक निळी पॅंट आणि पांढरा शर्ट.

"हे कुणाचं?"

"माझ्या मुलाचं."

"काय करतो मुलगा?"

"सध्या भिक्खू आहे."

त्या बाईनं पॅंट वर धरली. "मग पॅंट कशाला?"

"सध्या, म्हटलं ना," आई म्हणाली.

मागे नूकन मावशी गप्प होती. तिच्या पोटात काही बिघडलेलं नव्हतं, तरी गप्प होती. सोमवांगनं ती पॅंट बघितली, मग स्वतःच्या कमरेकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, म्हणजे मी त्यासाठी उभा होतो!" मग त्यानं दोन्ही हात जोडून आईला नमस्कार केला आणि पिशवी तिच्यासाठी बसपर्यंत उचलून नेली.

सुरिनला चहा झाला. वाक्यं जुळवलेली होती, ती काही कामाला आली नाहीत. मी एवढंच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? गेल्या महिन्यात मी जेवण घेऊन गेले होते. त्यानं कापड पसरलं, मी कापडावर डबा ठेवला, त्यानं आशीर्वादाचं म्हटलं. मग विचारलं, वरच्या शेतात या वर्षी कोणतं भात लावणार? आणि म्हशीच्या गोठ्याचं छप्पर कुणी शाकारलं? भिक्खू झाल्यापासून त्यानं शेताचं नाव काढलं नव्हतं. मी समजले."

"तुला वाईट नाही वाटलं?"

आईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा चितेपुढे मुलानं चीवर घालायचं असतं, बापाला पुण्य मिळावं म्हणून. एका दिवसासाठी. मी त्याला एका दिवसासाठी दिला होता, सायपिन. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, मी इथेच राहतो. मी म्हटलं, बरं. सगळ्यांनी मला भाग्यवान म्हटलं आणि मी होतेच. पण परत कधी येणार हे भिक्खूला आईनं विचारायचं नसतं."

मी विचारलं, मग इतके दिवस मला का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुलाच कसं सांगावं या विचारात होते. तू त्याला फार उंचावर नेऊन बसवलंयस. वाटलं, यात्रेत तुझं मन प्रसन्न असेल तेव्हा बोलू."

दादा, मी इतकी हसले की नूकन मावशी धावत आली. तिला वाटलं मला उचकी लागली. मग मी रडलेही, पण ते थोडं, आणि आईनं रुमाल दिला तो आंबवलेल्या माशाच्या वासाचा होता, त्यामुळे लगेच थांबले.

मग तिनं मापाचं सांगितलं. अकरा वर्षांचा असताना तू चीवर घातलंस, त्या दिवसापासून तिनं तुला हात लावलेला नाही. तुझे खांदे किती रुंद झाले, कंबर किती, तिला माहीत नव्हतं. चिवरातून काही कळत नाही, म्हणाली. म्हणून बसमध्ये चढल्यापासून ती एकेका पुरुषाच्या पाठीकडे बघत होती, आणि तू विहाराच्या पायऱ्या उतरतोस तसा उतरणारा तिला सोमवांग दिसला. दुरून बघून जेवढं लक्षात राहतं, त्यावरून तिनं तुझ्यासाठी माणूस निवडला. तिचा अंदाज चुकला असेल तर शर्ट सैल होईल, पण तू काही बोलू नकोस.

माझा राग गेला की नाही ते मला अजून नीट माहीत नाही. पण काल बसमध्ये तो फोटो काढून बघितला. मधली जागा तेवढीच आहे. मला ती पवित्र वाटायची, आणि आईची छत्री तिथे उगाच आलीय असं मी मैत्रिणींना सांगायची. ती उगाच आलेली नव्हती. फोटोबाहेर राहून आईला तुझ्या जेवढं जवळ येता येत होतं, तेवढी तिनं ती छत्री पुढे सरकवून ठेवली होती. मुलांना शिकवायला मी बरंच काही शिकले, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

तू शेत कर, शाळेत शिकव, छप्पर शाकार, काहीही कर. नीटपणे जगायला चीवरच लागतं असं तू मला कधी शिकवलं नव्हतंस. ते मी स्वतःच ठरवलं होतं. तुझ्या विहारातल्या शेवटच्या सकाळी कपडे घेऊन मी येईन आणि बाहेर चिंचेखाली थांबेन. आई आत येईल.

मापाचं सूत तिनं फेकलेलं नाही. गाठी सोडवून ठेवलं आहे. ते तुझ्या मनगटाला बांधायचं आहे.

आणि पॅंटच्या पायांची खालची मुडपलेली शिलाई बाजारातून येताना होती, ती तिनं बसमध्ये बसून उसवून टाकली. मी टाचून देऊ का म्हटलं, तर नको म्हणाली. उंचीचं माप दुसऱ्या कुणावर घेणार नाही. तू घरी ये, अंगणात उभा राहा, ती तुझ्या पायांशी बसून खुणा करणार आहे.

तू हलू नकोस हं तेव्हा, कितीही वेळ लागला तरी.

तुझीच,
पिन