कागदावरचं घर आणि खरं घर

मॅडावास्का, मेन
९ नोव्हेंबर २०२५

चि. रोझेर यास ओडीलताईचे अनेक उ. आ.

उशीर झाला, रुसू नकोस. घराला नव्या खिडक्या घेतल्यात. जुन्यांतून असं वारं यायचं की पडदे घरातच नाचायचे. केंद्राच्या करात सूट मिळते, म्हणून हात सैल सोडला. पण चर्चच्या तळघरात बसून गावकऱ्यांचे कराचे कागद भरून देणारा ल्यूसियन म्हणाला की खिडक्या ठरलेल्या दर्जाच्या हव्यात आणि वर्ष संपायच्या आत बसलेल्याही हव्यात, नुसत्या घेऊन भागत नाही. आणि आपला सुतार गिल्मन गेलाय हरणाच्या शिकारीला! खिडक्या गॅरेजात उभ्या आहेत.

तेही निभेल. खरी मेख पुढेच आहे. घर स्वतःचं हवं आणि माणूस मुख्यतः तिथेच राहणारा हवा. तुझ्या सांगण्यावरून, मेन राज्याचा कर वाचेल, फ्लोरिडात तसा करच नाही म्हणून, मी गाडीचा परवाना आणि मतदारयादीतलं नाव दोन्ही फ्लोरिडाला नेऊन ठेवलं. हिवाळ्यापुरतं तुझ्या शेजारी येऊन राहते ते चाकांवरचं घरच कागदोपत्री माझं झालं. ल्यूसियन चष्म्यावरून बघत म्हणाला, "ओडील, दोन डगरींवर पाय ठेवता येणार नाही. तुझं घर कुठलं, ते एकदा ठरव."

कायमची इकडेच ये म्हणून दोन वर्षं तू मागे लागला आहेस. नाही म्हटलं तर तुझं मन मोडेल, आणि हो म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काय सांगू ल्यूसियनला? माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ओडील

लेकलँड, फ्लोरिडा
१७ नोव्हेंबर

ती. ओडीलताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हुश्श केलं बघ. खिडक्यांची बातमी गिल्मनच्या बायकोकडून आधीच कळली होती. आपल्या गावात लोक घर विकायचं ठरलं की मगच खिडक्या बदलतात. मला वाटलं, तू आईबाबांचं घर विकायला काढलंस! आठवडाभर बायकोवर विनाकारण खेकसत होतो.

कायमची ये म्हणत होतो ते भीतीपोटी. एकटी आहेस, बर्फात घसरलीस तर कळणार कुणाला? पण तू खरंच आली असतीस, तर मी 'घरी जातो' म्हणून कुठे गेलो असतो? इथे नाताळात घाम पुसत बसतो आणि तुझ्या कुट्टूच्या धिरड्यांची आठवण काढतो.

ल्यूसियनला छातीठोकपणे सांग, घर तेच. परवाना बदल, राहिलेला कर मुकाट भर. अक्कल माझी होती, शिव्याही मलाच घाल. लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुझा रोझेर

मॅडावास्का
१५ डिसेंबर

चि. रोझेर यास अनेक उ. आ.

शिव्या राखून ठेवल्यात, समोर आलास की देईन. गिल्मन हात हलवत परतला, हरण काही मिळालं नाही. तोंड वाकडं करूनच खिडक्या बसवल्या. परवाना मेनचा झाला. वर्षाचा मोठा भाग मी इथेच राहते, मागचा करही भरते आहे, म्हणून ल्यूसियनचं समाधान झालं. जीव भांड्यात पडला.

आणि वेड्या, घर विकणारी बाई तुझ्या खोलीला उघडणारी खिडकी घेईल का रे? दुकानदार सांगत होता, बंदिस्त घ्या, स्वस्त पडेल. मी म्हटलं, आमचा रोझेर उशिरा आला की दार सोडून तिथूनच आत यायचा.

नाताळला ये. या खेपेला मात्र दारातून ये, गुडघे सांभाळ. धिरड्यांचं पीठ आणून ठेवलंय.

तुझीच ताई,
ओडील