तुझ्या वह्या मी रद्दीत दिल्या

प्रिय आई,

आज दुपारी वंदनाबाईचा फोन आला. रामभाऊचा मदतीचा अर्ज मंजूर झाला म्हणे. ती बोलता बोलता रडली. मी "बरं झालं" म्हणाले, फोन ठेवला आणि नववीचे पेपर तपासत बसले. तुला जाऊन नऊ महिने झाले, पण मला अजून धड रडू येत नाही. हे मात्र तुला सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय.

आई, तुझ्या वह्या मी रद्दीत दिल्या.

सव्वीस वर्षं तू उपकेंद्रावर नर्स होतीस. तुझ्या त्या लांबट वह्या! कोणाच्या घरी कोण गरोदर, कोणाला कोणती गोळी सोसत नाही, कोणाचा नवरा ताप अंगावर काढतो, सगळं त्यात. मग तुम्हाला टॅब मिळाले. मला केवढा आनंद झाला होता! शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते ना. मी तुला म्हणाले, "आता तरी वह्या बंद कर. कागदासाठी किती झाडं तोडतात माहीत आहे?"

तू टॅब उलटासुलटा करून पाहिलास. "अन् हे कायचं बनते वं? हे बी जमिनीतूनच काढलं असन ना? वही भरली का चूल पेटवता येते. हे बिघडलं का काय करू?"

मी हसले. शाळेतल्या मॅडमला आईनं असं विचारायचं?

तू दोन्ही ठेवलंस. टॅबही, वहीही. दुप्पट काम. मला तो हट्ट वाटायचा.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, आठवतं? फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर यायचा. वंदनाबाईचा निरोप आला आणि मी तुला स्कूटीवर घेऊन गेले. रामभाऊ, तिचा नवरा, दुसऱ्यांच्या वावरात रोजीनं फवारणी करायचा. तो ओसरीवर आडवा पडला होता, तोंडातून लाळ, डोळे लाल. टॅबवर नुसतं गोल गोल फिरत होतं, रेंजच नाही. तू तो माझ्या हातात दिलास आणि खाली बसलीस.

"वंदना, कोणतं औषध मारलं? डबा आण. किती दिवसांपासून मारून राह्यला? कोणाच्या वावरात?"

ती डबा घेऊन आली. तू नाव वहीत उतरवलंस, एकेक अक्षर पाहून. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं आणि तू वही उघडून वाचून दाखवलंस. रामभाऊ वाचला. डोळे मात्र अधू झाले, हात थरथरतात.

तीन दिवसांनी रेंज मिळाली तेव्हा तू टॅबवर नोंद केलीस. तिथं एकच रकाना होता. विषबाधा : होय. बस. कोणतं औषध, कोणाचं वावर, हे लिहायला जागाच नव्हती. मी ते पाहिलं होतं, आई. तरीही काही शिकले नाही.

तू आजारी पडलीस. तुझा पलंग हॉलमध्ये आणायचा होता, जागा हवी होती. मी कपाट रिकामं केलं. सगळं तर टॅबवर आहेच, असं स्वतःला सांगितलं. रद्दीवाल्यानं दोन पोती भरली. तेव्हा तू दवाखान्यात होतीस. संध्याकाळी भेटायला आले तर तू डोळे न उघडताच म्हणालीस, "माह्या वह्या सांभाळून ठेवजो."

मी म्हणाले, "आहेत."

का म्हणाले मी असं? तू विश्वास ठेवलास आणि चौथ्या दिवशी गेलीस.

तेराव्यानंतर आठवडाभरात वंदनाबाई आली. मदतीच्या अर्जाला पुरावा हवा होता, की ही विषबाधा फवारणीचीच. दवाखान्याची चिठ्ठी घर गळलं तेव्हा भिजून गेलेली. "सिस्टरच्या वहीत आहे ना," ती म्हणाली. "माह्या समोर लिवलं होतं त्यायनं."

मी उपकेंद्रावर गेले. तुझा टॅब कपाटात होता, बॅटरी फुगून पाठ उचकटलेली. त्याच्यासारखे आणखी चार. दुरुस्ती नव्यापेक्षा महाग, म्हणून तसेच पडलेले. नोंद वर कुठंतरी पोचली असेलही, पण 'होय' एवढीच. रद्दीवाल्याकडे गेले. कागद केव्हाच मिलला गेला होता, पुठ्ठे करायला. मी त्या टॅबचं विचारलं. "कागद घेतो मॅडम. हे फुगलेलं नाई घेत. आग लागते याले."

काहीच वाटत नव्हतं. तिथं उभी राहून नुसती पोती मोजत होते.

वंदनाबाईला खरं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "तुमी होत्या ना तिथं? पाह्यलं ना तुमी? मंग तुमीच लिवा."

लिहिलं. साध्या आखीव कागदावर, जेवढं आठवलं तेवढं. औषधाचं नाव आठवेना. तू डबा उजेडात धरलेला आठवत होता, नाव नाही. वावराच्या मालकाकडे दोनदा गेले. तिसऱ्यांदा त्यानं नाव सांगितलं आणि माझ्या कागदाखाली सही केली. ऑफिसातला क्लार्क कागद पाहून म्हणाला, "हे आता फोटो काढून ऑनलाइन टाका." टाकला. कागदाशिवाय ते लिहिलं गेलं नसतं आणि फोनशिवाय तालुक्याच्या पुढं गेलं नसतं. तू दोन्ही का ठेवायचीस हे मला तेव्हा कळलं. तू असताना का नाही विचारलं गं मी?

आमच्या शाळेतही आता सगळं कागदाविना करायचं घाटतंय. परवा मुख्याध्यापक सरांनी विचारलं, मॅडम तुमचं मत? मी म्हणाले, नोटिसा खुशाल मोबाइलवर पाठवा, वाया जाणारा कागद वाचवा. पण मुलांच्या वह्या राहू द्या. आणि जुनी मशीनं जाणार कुठं, ते आधी ठरवा. सरांना वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

रामभाऊ यंदाही फवारणीला जाणार आहे, आई. वंदनाबाईनं फोनवर शेवटी सांगितलं. दिसत नाही नीट, तरी. नव्या सिस्टरशी मी बोललेय. येत्या रविवारपासून फवारणी संपेपर्यंत दर रविवारी तिच्याबरोबर वस्तीवर जाईन. पहिलं घर त्यांचं. तुझ्यासारखीच खाली बसून विचारीन, हातानं लिहीन, घरी येऊन त्याचे फोटो काढून ठेवीन. आणि रामभाऊ फवारणीचा पंप खाली ठेवत नाही तोवर त्याच्या ओसरीवर जातच राहीन.

तुझी,
मनू