मागच्या दाराची कडी

चाकण
रविवार, ता. ६ नोव्हेंबर १९५५

ती. स्व. दौलतदादास,
चिमाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझी खुशाली विचारायची की नाही, ते रीतीत कुठे बसत नाही. या महिनाअखेर तुला बेपत्ता होऊन बारा वर्षं पुरी होतील.

मावशी समोर बसून आपल्या मुलासाठी हे लिहून घेते आहे. उपाध्ये म्हणतात, बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, म्हणजे माणूसही सुटतो आणि घरही सुटतं. पण आपल्या घरची चाल तुला ठाऊक आहे. पुतळ्याआधी तीन हाका द्यायच्या, शिवेवर उभं राहून. मावशीला ते पटत नाही. ती म्हणाली, "शिवंवरची हाक त्याला कशी पोचंल? त्यो कागदातनं बोलायचा, त्याला कागदातनंच हाक मार." म्हणून तीन पत्रं तुझ्या जुन्या फील्ड पोस्टाच्या नंबरावर टाकायची. ही पहिली हाक. काल एक दिवस लवकर येऊन पोस्टात विचारलं तर मास्तर नंबर बघून हसला. मी त्याची कॉलर धरणार होतो, मावशीनं हाताला धरून बाहेर काढलं.

माझं सांगायचं तर इंटरला कॉलेज सोडलं. प्राध्यापकांशी भांडलो हे खरं आहे. कारण तेवढंच नव्हतं, पण ते राहू दे. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहिलाय, तिथे एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये कारकून आहे. खोली तिकडेच घेतलीय. रविवारी मोशीवरून सायकल मारत घरी येतो. वाटेत भोसरीला इनायतभाईंचं सायकलचं दुकान लागतं. तुझ्या पलटणीच्या गाडीवर ड्रायव्हर होते ते. त्यांच्याकडून कळलं की इटलीतल्या त्या नदीवर तू भरदुपारी पाणी आणायला गेलास आणि बादली तेवढी सापडली, निम्मी भरलेली. तारेत फक्त 'बेपत्ता' होतं. बादलीचं सरकारनं कळवलं नव्हतं. मीही घरात सांगितलेलं नाही.

वहिनी पुतळ्याला तयार नाही. लग्न झालं तेव्हा ती तेराची होती, तू आठ दिवस घरी राहिलास आणि गेलास. आता ती सव्वीसची आहे. मावशी तिला म्हणते, पोरी, तुझा पाट लावून देते, दुसरा संसार मांड, माझ्या डोळ्यांदेखत सुखी हो. ती ऐकून घेते आणि तुझ्या पत्रांचा पत्र्याचा डबा पुसायला घेते. नऊ पत्रं आहेत. तिला वाचता येत नाही, पण कुठलं पत्र कुठलं ते बोटांनी ओळखते, कारण तू नांगर दाबल्यासारखी पेन्सिल दाबायचास. सगळी तोंडपाठ आहेत तिला. "ज्यानं असं लिवलंय, त्यो असा जायचा न्हाई," एवढंच म्हणते.

ती सगळी पत्रं तिला मीच वाचून दाखवली होती. घरात वाचता येणारा मी एकटा, दहा वर्षांचा. त्याबद्दल तुला काही सांगायचं आहे. मावशी समोर आहे, म्हणून आज नाही.

असशील तिथून निघून ये. नाहीतर नाही म्हणून तरी कळव.

तुझा मावसभाऊ,
चिमा


पिंपरी
रविवार, ता. २७ नोव्हेंबर १९५५

दौलतदादा,

नमस्कार. पहिल्या पत्राला उत्तर नाही. पाकीटही परत आलं नाही. मावशी म्हणते, परत आलं नाही म्हणजे कुणीतरी घेतलं. मी तिच्यावर ओरडलो. मग ही दुसरी हाक लिहायला इथे खोलीवर आलो, म्हणजे कुणी समोर नको.

तुझ्या पत्रांत काळ्या ओळी असायच्या. सरकारी माणूस पत्र तपासायचा आणि त्याला नको असलेलं जाड काळ्या शाईनं खोडायचा. मी वाचत वाचत तिथे आलो की थांबायचो. मावशी लगेच विचारायची, "तितं काय लिवलंय?" मी शाळेत पहिला नंबर काढणारा. वाचता येत नाही म्हणायची लाज वाटली, आणि मी बनवून सांगितलं. पहिल्यांदा एक ओळ सांगितली. मग सवय लागली.

तू वहिनीबद्दल कधीच काही लिहायचा नाहीस. आईची तब्येत, बैलांची चौकशी, पाऊस कसा आहे. पत्र संपेपर्यंत ती चुलीपाशी मान खाली घालून बसायची. म्हणून काळी ओळ आली की मी तिच्या नावानं काहीतरी घालायचो. कुसुमला सांगा, इथली भाकरी कुणाला जमत नाही. कुसुमला सांगा, डोंगरापलीकडे उजाडलं की मी आधी तिचं नाव घेतो. दहा वर्षांच्या पोराला हे कुठून सुचायचं ते मला आजही कळत नाही. ती मान वर करायची, आणि ते बघायला मी पुढच्या पत्राची वाट बघायचो.

आणि मार्च त्रेचाळीसचं ते पत्र. त्यात तीन ओळी खोडलेल्या होत्या. तेव्हा मला दुपारी मावशी झोपली की परड्याच्या दारानं नदीवर पोहायला पळायचं असायचं, आणि वहिनी त्या दाराला कडी लावायची. मी वाचलं: 'कुसुम, मागच्या दाराची कडी लावू नकोस. दुपारी दार वाजलं तर उठून पाहू नकोस. मीच असेन.' झालं. त्या दिवसापासून कडी लागली नाही. मी जायचो, यायचो, दार वाजायचं, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पुढे तू बेपत्ता झाल्याची तार आली, तरी कडी लागली नाही. बारा वर्षं त्या दाराला कडी नाही, दादा.

तुझा राग यायला हवा मला. येतोच. तू आठ दिवसांत तिला सोडून गेलास, आणि तिचं सगळं आयुष्य माझ्या वाक्यांवर तुझ्या नावानं गेलं. मी पुण्याला वर्गात बसून हाच हिशेब करायचो, म्हणून कॉलेज सुटलं. तिनं ज्याच्यावर जीव लावला त्याचं एकही वाक्य तुझं नाही. मग तो कोण?

गेल्या रविवारी मी तिला सांगून टाकलं. ती परड्यात वाल सोलत होती. सगळं सांगितलं, पोहण्याचंसुद्धा. ती आधी हसली. मग हात थांबले. म्हणाली, "भावजी, तुमी पुण्याला शिकायला व्हता, तवा बी दार वाजायचं."

मी म्हणालो, वारा असेल, शेरडं असतील.

"असंल," ती म्हणाली. "मी उठून बघितलं न्हाई. बघू नगं म्हनलं व्हतं ना."

दिवसभर ती वालच सोलत राहिली. संध्याकाळी मी सायकल काढली तेव्हा दारापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "वाक्यं तुमची असतील, तर बारा वर्सं मी तुमचीच वाट बघितली म्हनायची." आणि मागे जाऊन तिनं कडी लावली. गंजलेली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. तो आवाज मी मोशी येईपर्यंत ऐकत होतो.

वहिनी पुतळ्याला तयार झाली, तो पुढच्या रविवारी आहे. मी आनंदात आहे. हे तुला लिहायला नको होतं, पण लिहितो. राग आला तर येऊन बोल.

चिमाजी


पिंपरी
शनिवार, ता. १७ डिसेंबर १९५५

दादा,

ही तिसरी आणि शेवटची हाक. पुतळा जाळून झाल्यावर हाक मारत नाहीत. चूक माझीच. मधल्या दिवसांत तिसरं पत्र लिहायचं मी टाळत आलो आणि मावशीला टाकलं म्हणून खोटं सांगितलं. त्यामुळे तुला पुरत्या तीन हाका न देताच तुझा पुतळा जळला. हे मला आणि तुलाच ठाऊक आहे.

तीनशे साठ पानं मीच आणली. डोक्याच्या जागी नारळ. उपाध्ये मंत्र म्हणत होते आणि मावशी पानांवरून हात फिरवत होती, ताप आलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा. अग्नी मी दिला. पानं ओली होती, बराच वेळ नुसता धूर झाला. कुसुमनं गळ्यातली काळी पोत स्वतःच काढली आणि मावशीच्या हातात दिली. कुणी रडलं नाही. तिचा माझ्याशी पाट माघात लावायचं ठरलं.

घरी आल्यावर तिनं डबा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "एकच मागनं हाय. तुमी तुमचं घातलंत. मग त्यांनी खाली खरं काय लिवलं व्हतं? माझ्यासाठी न्हाई का एक बी अक्षर? तेवढं मला वाचून दावा. मग पाट."

मी हसलो. सोपं काम होतं. सरकार गावांची आणि पलटणींची नावं खोडतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तशी दोनचार नावं निघाली की झालं. तेच मार्चचं पत्र खिशात घालून गुरुवारी कामावर खाडा केला आणि इनायतभाईंकडे गेलो. त्यांनी अशी पुष्कळ पत्रं पाहिली आहेत. त्यांना मी एवढंच म्हणालो की खोडलेलं वाचायचं आहे. कशाला ते सांगितलं नाही. माझ्या वाक्यांचा तर शब्दही कधी त्यांच्यापाशी काढलेला नव्हता, आईशप्पथ.

ते म्हणाले, "शाई खोडते चिमाजीराव, पण दाब कुठं जातो? आमचा दौलत पेन्सिलीनं कागद नांगरायचा." त्यांनी हात चांगले पुसले, पत्र दुकानाबाहेर उन्हात आडवं धरलं आणि हळूहळू कलतं केलं. काळ्या शाईला आता तपकिरी रंग चढलाय. त्याखाली उन्हात अक्षरांचे चर उमटले. ते चष्मा वर करून एकेक अक्षर जोडत वाचायला लागले. शेजारी एक गिऱ्हाईक ट्यूबचं पंक्चर बघत उभं होतं.

"कुसुम. मागच्या. दाराची. कडी. लावू नकोस."

मी पत्र ओढून घेतलं. त्यांना वाटलं मला भोवळ आली. खाली बसवलं, पाणी दिलं. मग पुढच्या दोन ओळी मी स्वतः वाचल्या. दादा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दुपारी दार वाजलं तर उठून पाहू नकोस. मीच असेन.

इनायतभाई म्हणाले की सांकेतिक वाटलं असेल साहेबाला, म्हणून खोडलं. आणि हळूच विचारलं की तुम्ही एवढे घाबरलात का. मी पत्राची घडी करून खिशात घातली.

काल पहाटे चाकणला जाऊन बाकीची पत्रंही घेऊन आलो, मावशीला न विचारता. स्टोअरच्या मागे उन्हात एकेक धरलं. भाकरीचं आहे. उजाडल्यावर नाव घेण्याचं आहे. जे जे मी बनवलं म्हणून तेरा वर्षं मनात जपलं, जे तिला माझं म्हणून सांगितलं, ते सगळं तुझ्या अक्षरात आहे. दहा वर्षांच्या पोराला ते कुठून सुचायचं, असं मी मागे तुला लिहिलं होतं. आता ते विचारायची भीती वाटते. वाचताना माझ्या मागे कोण उभं असायचं?

एक मनात आलं, लपवत नाही. कुसुमला वाचता येत नाही. मी घरी जाऊन म्हणू शकतो की खाली गावांची नावं आहेत. मला सवय आहे. ती मान डोलावेल, माघ उजाडेल, ती माझी होईल. आज सकाळपर्यंत माझं तेच ठरलं होतं. कागद जाळायला काडीसुद्धा ओढली होती.

मग दुपार झाली. अर्धा दिवस भरून खोलीवर येऊन पडलो होतो. या खोलीला एकच दार आहे, रस्त्यावरचं. मागे सलग भिंत आहे, तिला बाहेरून टेकून ठेकेदाराची विटांची रास. त्या भिंतीकडून दार उघडल्याचा आवाज आला. परड्याचं दार कसं वाजतं ते मला पाठ आहे, आधी बिजागरी, मग फळी जमिनीला घासते.

मी उठून पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, ती राहायची तसा. ती बारा वर्षं कशी पडून राहिली, ते मला त्या घटकाभरात कळलं. ती घाबरत नव्हती, दादा. मी घाबरलो, कारण तो आवाज माझ्यासाठी नव्हता.

उद्या रविवार. सकाळी निघून ऊन चढायच्या आत चाकणला पोचेन. कुसुमला परड्यात बसवून नऊच्या नऊ पत्रं वाचेन, काळ्या ओळींसकट, पदरचा एक शब्द न घालता. ती मला काय म्हणेल ते म्हणो. पोत परत मागेल, किंवा माझं तोंड बघणार नाही. मावशीलाही तिसऱ्या हाकेचं सांगेन आणि हे पत्र टाकायच्या आधी तिला वाचून दाखवेन.

मग ती कडी काढीन. मी गेल्यावर कुणी पुन्हा लावू नये म्हणून कोयंड्यासकट उपटून बरोबर नेईन.

माझ्या भिंतीपाशी पुन्हा येऊ नकोस. तुझं दार तिकडे आहे, आणि ती उठून पाहणार नाही.

तुझी पत्रं वाचणारा,
चिमा