चार पेट्या थंडीच्या नावावर

आखाडा बाळापूर
१९ जानेवारी

चि. साधनास,
दादाचा आशीर्वाद. जवळा बाजारला सगळे मजेत असतील. इकडे हरभरा बरा आहे, आईचा खोकला उतरला. गारठा मात्र हटत नाही.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी तुझ्याशी खोटं बोललो. पुन्हा लावला तर पुन्हा तेच बोलेन, माझा भरवसा मला राहिला नाही.

आधी चौकातल्या फ्लेक्सचं सांगतो. आपल्या साहेबांच्या वाढदिवसाला लावलेला तो अजून तिथेच आहे. खालच्या ओळीत बारा शुभेच्छुकांत माझाही फोटो आहे, गॉगल घातलेला. रोज दूध घालायला जाताना तो दिसतो आणि शिसारी येते. वाढदिवसाचा तो केक आठवतो, एकमेकांच्या थोबाडाला फासलेला, पायाखाली तुडवलेला, आणि त्यात मी दात काढून उभा. फ्लेक्सवर फोटो हवा तर काहीतरी खास घेऊन ये, असं साहेबांच्या माणसाने सुचवलं होतं. मी घरचा मध नेला. साहेबांनी बोट बुडवून चाखलं, "साखरेचा पाक तर न्हाई ना?" म्हणाले, बोट टेबलाच्या कापडाला पुसलं आणि बरणी ड्रायव्हरकडे सरकवली. मी हसलो.

मध कुठला, ते तुला कळलंच असेल.

लग्न होऊन जाताना मधमाश्यांच्या पाचही पेट्या तू माझ्या हवाली केल्यास आणि एकच गोष्ट बजावलीस, "दादा, पोते पांघरून ठेव, पण आतला मध काढू नको. थंडीत त्यांची चूल तीच हाय." पोती मी झकास गुंडाळली, फोटोही पाठवले तुला. आतला मध मात्र त्याआधीच पार निपटून काढला होता. करडई फुलून माश्यांना नवा मध मिळायला अजून महिना होता, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

कडाक्याच्या आठवड्यात माश्या दिसेनाशा झाल्या. पेटी उघडली तर मेलेल्या माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून, नुसती मागची टोकं बाहेर. शेवटचा थेंब चाटायला शिरल्या आणि तशाच राहिल्या. तळाशी ओला, आंबूस ढीग. एक नाही, चार पेट्या. तो वास साबणाने घासूनही हाताचा जात नाही.

थंडीने गेल्या म्हणून मी तुला फोनवर सांगत होतो, तेव्हा तुझी वहिनी शेजारीच होती. फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "थंडीचं नाव काहून घेता?" मी तिच्यावरच खेकसलो.

तू मात्र फोनवर रडत म्हणालीस की पेट्या मीच वाऱ्याच्या तोंडाला ठेवल्या, चूक माझीच. परवा आईकडून पुढचं कळलं. तुझे सासरे बांधावर पेट्यांना जागा देणार होते, ते आता नको म्हणतात. सुनेला माश्या जगवता येत नाहीत म्हणे. हे ऐकूनही गप्प बसलो, तर माझ्यासारखा नीच मीच.

पाचवी पेटी जिवंत आहे, मूठभर माश्या. रोज साखरेचा पाक देतो. पेटी तुझी वहिनीच उघडते, मला हात लावू देत नाही. बराबर करते.

हे पत्र लपवू नकोस. सगळे जेवून उठतील तेव्हा सासऱ्यांसमोर, जावईबापूंसमोर मोठ्याने वाच. मला तिकडे मान वर करून येता येणार नाही, न येवो. तू तुझी जागा मागून घे.

तुझ्या माश्या उपाशी मारणारा,
देविदास